अनुभव धागा : दोन संसारांचं एक घर आणि बरा न होणारा कॅन्सर

पहिल्या लग्नाची मुलं, दुसऱ्या लग्नाची मुलं, आताचा जोडीदार, कधी आधीचाही, आणि मधे चौथी स्टेज. अशा घरांत शुश्रूषा केलेल्यांनी आणि कामानिमित्त अशा घरांत जाणाऱ्यांनी लिहावं ही विनंती. कोण कोणाशी कसं वागलं ते नको. काय करायचं, किती, कधी, आणि कुठे फसतं तेवढं हवं. औषधांचे आकडे समजण्यापुरते. डोस डॉक्टरांनी लिहून दिलेलाच.

घरोघरी जाणारी सिस्टर :

वही एकच ठेवा आणि ती पेशंटच्या उशाशीच ठेवा. रकाने असे: वेळ, औषध, किती, कोणी दिलं, दुखणं दहापैकी किती, तासाभराने किती. म्हणजे पान असं दिसतं: "पहाटे ३:१०, मॉर्फिन सिरप १० मिग्रॅ, थोरली, दुखणं ८. ४:१० ला ३." शनिवारी पाळी बदलून दुसऱ्या घरून आलेल्याला हे वाचून दोन मिनिटांत सगळं कळतं. वही नसेल तर दोनपैकी एक होतं. एकच डोस दोघं देतात, नाहीतर "आधीच दिला असेल" म्हणून कोणीच देत नाही. दुसरी चूक जास्त होते आणि ती पेशंट सोसतो.

सिरप 'दोन चमचे' असं लिहू नका. एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहा, आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजा.

मॉर्फिन म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध. त्यातलं लवकर उतरणारं साधारण दर ४ तासांनी, दुखत नसलं तरी द्यायचं असतं. मधेच कळ आली तर जादा डोस असतो, तो बहुधा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या दहाव्या ते सहाव्या हिश्शाएवढा. दिवसाला एकूण ६० मिग्रॅ असेल तर जादा डोस ६ ते १०. असे जादा डोस रोज तीन-चार लागायला लागले तर नेहमीची मात्रा कमी पडतेय. वही घेऊन डॉक्टरांना फोन करा. अंघोळ किंवा कूस बदलणं दुखत असेल तर जादा डोस अर्धा तास आधी. हळूहळू सुटणारी गोळी मात्र कुटून कधीच देऊ नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

आणि मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवशी रेचक सुरू. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. कमी पाणी पिणाऱ्याला इसबगोलाचा भुसा किंवा चोथ्याची पावडर दिली तर मळ आणखी घट्ट बसतो.

फार्मसिस्ट :

फेंटानिलच्या पॅचबद्दल (कातडीला चिकटवायची, दुखण्यावरच्या औषधाची पट्टी) भर घालतो. पॅच ७२ तासांनी बदलायचा. पहिला पॅच लावल्यावर पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध कसं चालू ठेवायचं ते विचारून घ्या. हात बदलणाऱ्या घरांत नेमकं हे होतं: नवीन माणूस दंडावर पॅच लावतो आणि जुना पाठीवर तसाच राहतो. म्हणून वहीत जागा लिहा ("उजवा खांदा, मागे") आणि पॅचवर पेनाने तारीख-वेळ टाका. त्यावर गरम पाण्याची पिशवी नको, उष्णतेने औषध झपाट्याने शोषलं जातं. ताप चढला तरी तेच. काढलेल्या पॅचमध्ये औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, घरातल्या लहानग्याच्या हाती लागू देऊ नका.

रात्रपाळी करणारा :

एकाच माणसावर दोनपेक्षा जास्त रात्री सलग टाकू नका. आताच्या जोडीदाराला 'हे माझंच काम' वाटतं आणि आधीच्या लग्नाच्या मुलांना 'आपण पाहुणे' वाटतं, म्हणून पाळी भिंतीवर लिहिलेली बरी. मुलांना नुसतं "बसा" न सांगता ठरलेलं काम द्या: तोंडाची निगा, पायांना मालिश, फोन सांभाळणं. घरातला निम्मा रुसवा काम न मिळाल्याचा असतो.

तोंडाची निगा शेवटच्या दिवसांत साधारण दर दोन तासांनी: मऊ ब्रश किंवा स्पंजची काडी पाण्यात बुडवून, नीट पिळून, गालांच्या आत आणि जिभेवर. थेंब घशात उतरता कामा नयेत. ओठांना पेट्रोलियम जेली चालते, पण ऑक्सिजन चालू असेल तर पाण्यात विरघळणारं मलम वापरा. पोटऱ्यांखाली उशी ठेवा, टाचा अधांतरी राहायला हव्यात.

सामाजिक कार्यकर्ती :

कागदपत्रं पेशंट स्पष्ट बोलतोय तोवर करून घ्या. चार गोष्टी बघा. उपचारांचा निर्णय कोण घेणार याचं लेखी नाव (कायदा जागोजागी वेगळा, वकिलाला विचारा). विमा, पेन्शन आणि खात्यांवरचं नॉमिनेशन. तिथे पहिल्या जोडीदाराचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं असतं. मृत्युपत्र: दत्तक न घेतलेलं सावत्र मूल बहुतेक ठिकाणी आपोआप वारस ठरत नाही, मग त्याने कितीही सेवा केलेली असो. आणि वॉर्डातल्या भेटीच्या यादीत वेगळ्या आडनावाच्या मुलांची नावं, नाहीतर दारातच "तुम्ही कोण?" होतं.

डॉक्टरांशी बोलणारा एकच माणूस. बोलणं झालं की त्याच दिवशी तोच मजकूर सगळ्यांना, आधीच्या घरालाही. आधी एकाला आणि मग दुसऱ्याला असं झालं, की पुढचे पंधरा दिवस औषधावरची चर्चा बाजूला पडते आणि मानपानाची सुरू होते.

मुलांची समुपदेशक :

दोन घरांत राहणाऱ्या मुलाला दोन्ही घरांत एकच शब्द ऐकू आले पाहिजेत. एका घरी 'कॅन्सर' आणि दुसऱ्या घरी 'थोडं बरं नाही' हे सगळ्यात वाईट, कारण मूल खोटं कोणाचं ते शोधत बसतं. "झोपले", "लांब गेले" नको; लहान मूल झोपायला घाबरतं. सहा-सात वर्षांपर्यंत "आपण वाईट वागलो म्हणून झालं का?" हा प्रश्न मनात असतो, तो त्याने विचारायची वाट न पाहता "नाही" सांगून टाका. 'सावत्र' हा शब्द मुलांच्या देखत कोणी वापरत असेल तर या महिन्यांत तरी आवरा.

प्रत्येक मुलाला पेशंटजवळ एकट्याने वेळ, दहा मिनिटं पुरतात. शाळेला दोन्ही घरांचे नंबर द्या.

पॅलिएटिव्ह (आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणाऱ्या) वॉर्डातली सिस्टर :

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. शेवटच्या आठवड्यात बऱ्याचदा भ्रम होतो, आणि पेशंट कधी कधी आताच्या बायकोला पहिलीच्या नावाने हाक मारतो. हे 'मनातलं बाहेर आलं' असं धरू नका. जुन्या आठवणी खोल रुजलेल्या असतात, मेंदू हाताला लागेल ते नाव काढतो. दुरुस्त करत बसू नका, "मी आहे इथे" पुरतं. मात्र भ्रम अचानक सुरू झाला तर कारण शोधा: लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तातलं कॅल्शियम वाढणं, नवीन औषध. यातलं बरंच आवरता येतं.

दम लागत असेल तर छोटा हातपंखा चेहऱ्यावर साधारण १५ सेंटीमीटरवरून धरा, वारा गाल-नाकावर लागला पाहिजे. रक्तातला ऑक्सिजन कमी नसेल तर सिलिंडरपेक्षा हाच बरा. घशात घरघर आली तर कुशीवर वळवा. नळी घालून घशातला स्राव ओढायला लावू नका, त्या आवाजाचा त्रास बहुधा जवळच्यांनाच होतो. श्वास थांबून थांबून येतो, दोन श्वासांत मोठी फट पडते. हे खोलीत पहिल्यांदाच येणाऱ्याला दारातच सांगा.

फोनची यादी आताच करा, क्रमाने. दुसऱ्या घरी असलेल्या मुलांची नावं पहिल्या तिनात असू द्या. त्यांना बातमी कोणाच्या स्टेटसवरून कळता कामा नये. आणि गेल्यावर अंगावरचे पॅच आठवणीने काढा.