प्रतिसाद: सध्याचं काम आणि जुने उद्योग

व्यंगचित्रांत सध्या काय चाललंय आणि रेषेचे ते जुने खेळ का थांबवलेत, असं दोघांनी विचारलंय. सध्या रोजचं पॉकेट कार्टून, म्हणजे एका चौकटीचं छोटं व्यंगचित्र, तेही टॅबलेटवर. 'अनडू'ची, म्हणजे काढलेली रेषा मागे घ्यायची सोय आहे, हीच त्यातली अडचण. चुकीची रेषा शिल्लकच राहत नाही.

पूर्वी पेन न उचलता अख्खं चित्र काढायचा नाद होता. एकदा कंडक्टर काढताना हात थरथरला आणि तिकिटाच्या पेटीची कडा वर जाऊन त्याचाच कान झाली. चित्रात हसण्यासारखं तेवढंच होतं! डाव्या हातानेही काढून पाहिलं, ते मात्र निव्वळ वाया.

खेळाचं म्हणाल, तर 'आवाज'च्या दिवाळी अंकातल्या खिडक्या आठवा. कापलेल्या चौकोनातून भलतंच दिसायचं, पान उलटलं की साधासुधा प्रसंग. तिथे कागदच विनोद करायचा. किंवा व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं 'मोहिनी' मासिकाचं १९५०च्या दशकातलं मुखपृष्ठ: बस स्टॉपवर दोघं, एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. शब्द एकही नाही.

मोबाइलच्या पडद्यावर खिडकी कशी कापायची, ते अजून जमलेलं नाही. दोन कच्चे प्रयत्न झालेत, दाखवण्याजोगे नाहीत.