शब्दचर्चा : क्लस्टरवरचा ‘ऑपरेटर’ – चालक, कारभारी की ऑपरेटरच?

पुस्तिकाकार (कर्वेनगर)

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक विभागासाठी मी मराठीत कार्यपुस्तिका लिहीत आहे. विभागाने स्वतःच्या सर्व्हरांवर ओपनशिफ्टचे (कुबरनेटिसवर आधारलेल्या प्रणालीचे) क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडून एकच यंत्रणा म्हणून चालणारा सर्व्हरांचा गट, उभे केले आहे आणि विद्यार्थ्यांना नोटबुके (ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायच्या वह्या) उघडता यावीत, प्रतिमाने (मॉडेल) शिकवून ती चालवता यावीत, म्हणून त्यावर ओपनशिफ्ट एआयचा (अशा कामांसाठीच्या साधनांच्या संचाचा) ऑपरेटर बसवायचा आहे. मसुद्यातल्या एका प्रकरणाला मी ‘डेटा सायन्स ऑपरेटरची स्थापना व व्यवस्थापन’ असे शीर्षक दिले होते. मसुदा खर्चाच्या मंजुरीसाठी लेखा शाखेतून फिरून आला, तेव्हा समासात हिरव्या शाईने शेरा होता : ‘सदर पद मंजूर आहे काय? कंत्राटी असल्यास मासिक मानधन नमूद करावे.’

हसू आले, पण दोष शेरा मारणाऱ्याचा नव्हता. मराठीत ‘ऑपरेटर’ म्हणजे माणूसच असतो. म्हणून विचारते, की कुबरनेटिसच्या (क्लस्टरवर प्रोग्राम चालवणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) संदर्भातल्या या शब्दाला मराठी पर्याय द्यावा की तो तसाच ठेवून त्याची व्याख्या द्यावी? ‘चालक’, ‘परिचालक’ आणि ‘कारभारी’ हे तीन शब्द माझ्या मनात आहेत. ‘स्थापना’, ‘मॅनेज्ड’ आणि ‘सबस्क्रिप्शन’ या शब्दांवरही मी अडले आहे.

भोसरीकर

आमच्याकडे सीएनसी मशीनचा ऑपरेटर असतो, क्रेनचा असतो, जेसीबीचा असतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एके काळी डीटीपी ऑपरेटर गल्लोगल्ली होते. या सगळ्यांत समान गोष्ट अशी, की यंत्र वेगळे आणि ते चालवणारा वेगळा. लॅटिन ‘ओपुस’ म्हणजे काम, त्यावरून काम करणारा तो ऑपरेटर, एवढीच या शब्दाची मूळ पुंजी आहे. त्यामुळे ‘चालक’ हा अनुवाद कोशात चुकीचा ठरणार नाही. सरकारी पदनामांत ‘दूरध्वनीचालक’ आहेच.

तरीही तुमच्या पुस्तिकेत ‘चालक’ नको असे माझे मत आहे, कारण तुमचा ऑपरेटर यंत्रासमोर बसून कळ दाबणारा नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो, तो मला अधिक जवळचा वाटतो. वेग एकदा ठरवून दिला, की भार वाढल्यावर फेरे कमी होतात, फिरते गोळे आत येतात, त्यासरशी इंधनाचा दट्ट्या सरकून जास्त डिझेल जाते आणि वेग पुन्हा ठरलेल्या जागी येतो. तिथे कोणी माणूस उभा नसतो. क्लस्टरवरचा ऑपरेटर हेच काम करतो : काय हवे ते एकदा लिहून ठेवायचे, प्रत्यक्षात काय आहे ते तो पाहत राहतो आणि फरक दिसला की भरून काढतो.

गंमत अशी, की ‘कुबरनेटिस’ हा ग्रीक शब्द सुकाणू धरणाऱ्याचा आहे, लॅटिनमध्ये जाऊन त्याचे ‘गुबेरनारे’ झाले आणि पुढे त्यातून ‘गव्हर्नर’ निघाला. म्हणजे राजभवनातले महामहिम, विहिरीवरचे यंत्र आणि तुमचे क्लस्टर हे तिघे एकाच आडनावाचे आहेत.

मुद्रितशोधक (सदाशिव पेठ)

भोसरीकरांच्या व्युत्पत्तीला पुस्ती जोडतो. ‘कुबरनेटिस’ला संस्कृतातून आलेला नेमका शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे ‘कर्णधार’. इथे ‘कर्ण’ म्हणजे कान नव्हे, सुकाणू. आपण तो क्रिकेटच्या संघाला देऊन टाकला आणि नावेवर ‘तांडेल’ व ‘नाखवा’ ठेवले. अर्थात क्लस्टरच्या प्रणालीचे नाव विशेषनाम असल्यामुळे त्याचे भाषांतर करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ऑपरेटरसाठी मी ‘कारभारी’ सुचवेन. कारभारी म्हणजे धनी नव्हे आणि नुसता हुकमाचा ताबेदारही नव्हे. धन्याची इच्छा काय आहे हे त्याला ठाऊक असते आणि दर वेळी न विचारता तो ती अमलात आणतो. कारभार चालवण्याचे ज्ञान त्याच्याकडे असते, हा अर्थ ‘चालक’ या शब्दात येत नाही. घरातल्या ‘अहो कारभारी’मुळे शब्दाला थोडा खट्याळ वास येतो हे मान्य, पण शास्त्राला तेवढे चालावे.

‘परिचालक’ मात्र कृपया नको. तो कुणी बोलत नाही, आणि जो शब्द वाचताना जीभ अडते तो हाताला काम शिकवू शकत नाही.

क्लस्टरवाला (बाणेर)

मी गेली काही वर्षे हेच काम करतो, म्हणून शब्दाआधी वस्तू सांगतो. ऑपरेटर ही कल्पना कोअरओएस या कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये मांडली आणि तिच्यासोबत एट्सीडी (माहितीसाठा) व प्रोमिथिअस (देखरेखीची प्रणाली) यांचे ऑपरेटर दिले. विचार असा होता, की एखादी प्रणाली बसवणे, तिची आवृत्ती वाढवणे, बिघाडानंतर ती सावरणे हे जे ज्ञान अनुभवी माणसाच्या डोक्यात असते, ते एका प्रोग्रामात उतरवावे आणि तो प्रोग्राम क्लस्टरवरच कायम चालू ठेवावा. म्हणजे माणसाच्या पदाचे नाव मुद्दामच त्या प्रोग्रामाला दिलेले आहे. लेखा शाखेचा शेरा त्या अर्थाने फारसा चुकलेला नाही. पद आहे, फक्त मानधन नाही.

म्हणूनच ‘कारभारी’ अर्थाला जवळचा असूनही मी पुस्तिकेत ‘ऑपरेटर’च ठेवीन. पडद्यावर ‘ऑपरेटर’ असे दिसत असताना विद्यार्थी पुस्तिकेत ‘कारभारी’ शोधत बसला, तर चूक आपली. पहिल्या उल्लेखाला ‘ऑपरेटर, म्हणजे क्लस्टरवर राहून एखाद्या प्रणालीचा कारभार पाहणारा प्रोग्राम’ असे वाक्य द्यावे. कारभारी व्याख्येत राहील आणि ऑपरेटर नावात.

खरा घोटाळा होतो तो दुसऱ्याच शब्दाने. हा ऑपरेटर बसवल्यावर ‘डेटासायन्सक्लस्टर’ नावाची एक वस्तू तयार करावी लागते. नाव वाचून नव्या माणसाला वाटते, की आता आणखी सर्व्हर लागणार. प्रत्यक्षात ते क्लस्टर नाहीच. आपल्याला कोणकोणते घटक हवे आहेत याची क्लस्टरमध्ये ठेवलेली ती एक लेखी मागणी आहे, आणि एका क्लस्टरवर अशी एकच असते. डॅशबोर्ड (ब्राउझरमधला मुख्य पडदा), वर्कबेंच (नोटबुकांची जागा), पाइपलाइन (कामांची साखळी), केसर्व्ह (प्रतिमाने चालवणारा घटक) अशी घटकांची नावे तिच्यात असतात आणि प्रत्येकापुढे ‘मॅनेज्ड’ किंवा ‘रिमूव्हड’ लिहायचे असते. नुसता ऑपरेटर बसवून ही मागणी लिहिली नाही, तर डॅशबोर्ड उघडत नाही आणि ‘बसवले, पण चालत नाही’ अशी तक्रार येते. कारभारी नेमला, पण आपल्याला काय हवे ते त्याला सांगितलेच नाही, असा तो प्रकार आहे.

आता ‘मॅनेज्ड’ आणि ‘रिमूव्हड’. शब्दशः पाहिले तर ‘व्यवस्थापित’ आणि ‘काढलेले’. दोन्ही चुकीची समजूत करून देतात. ‘मॅनेज्ड’चा अर्थ असा, की ऑपरेटर तो घटक बसवील आणि तो चालू राहील असे पाहील. ‘रिमूव्हड’चा अर्थ असा, की तो घटक बसवणार नाही आणि आधीच बसलेला असेल तर काढायला जाईल. म्हणजे ‘रिमूव्हड’ लिहिलेल्या घटकावरही ऑपरेटरचे लक्ष असतेच. झालेल्या गोष्टीची ही नोंद नाही, पुढच्या कामाचा हा आदेश आहे.

मुद्रितशोधक (सदाशिव पेठ)

असे असेल तर मराठीत ‘हवा’ आणि ‘नको’ याहून चांगले शब्द शोधूनही सापडणार नाहीत. दुधाच्या रतिबाचा हिशेब आपण याच दोन शब्दांवर ठेवत आलो आहोत. तक्त्यात मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत द्यावा आणि शेजारच्या रकान्यात ‘हवा’ किंवा ‘नको’.

जी अखंड तुलना ऑपरेटर करतो, तिला इंग्रजीत ‘रिकन्सिलिएशन’ म्हणतात असे मी ऐकतो. त्याला ‘समेट’ म्हणू नये. समेट भांडणानंतर होतो. अकरावीच्या पुस्तपालनात ‘बँक जुळवणी पत्रक’ असते, वही आणि पासबुक यांतला फरक शोधून मेळ घालण्याचे. तोच ‘जुळवणी’ शब्द इथे जसाच्या तसा बसतो, आणि लेखा शाखेलाही एकदा काहीतरी ओळखीचे वाचायला मिळेल.

पुस्तिकाकार (कर्वेनगर)

‘जुळवणी’ घेतला, आणि मनापासून घेतला. कालच एका विद्यार्थ्याने डॅशबोर्डच्या डिप्लॉयमेंटमध्ये (तो कसा चालवायचा याच्या नोंदीत) हाताने बदल केला. थोड्या वेळाने तो बदल गायब झाला आणि क्लस्टर बिघडले असे समजून त्याने तक्रार लिहिली. ‘हाताने केलेला बदल जुळवणीत पुसला जातो, बदल करायचा तर मागणीत करावा’ हे एक वाक्य सांगितल्यावर त्याचे समाधान झाले.

‘सबस्क्रिप्शन’चे काय करावे? मी ‘वर्गणी’ लिहिले होते.

भोसरीकर

वर्गणी लिहिलीत तर दर भाद्रपदात पावतीपुस्तक घेऊन कोणी दारात येईल.

क्लस्टरवाला (बाणेर)

इथे पैशांचा संबंध नाही. अमुक ऑपरेटर, अमुक कॅटलॉगमधून (ऑपरेटरांच्या यादीतून), अमुक चॅनलने (आवृत्त्यांच्या मालिकेतून) घ्यायचा आणि नवी आवृत्ती आली तर तिच्याकडे लक्ष ठेवायचे, अशी ती नोंद असते. ‘सबस्क्रिप्शन’ तसेच ठेवून ‘आवृत्त्यांची नोंदणी’ असा खुलासा द्यावा. ‘चॅनल’लाही हात लावू नये; ‘वाहिनी’ म्हटले की डोळ्यांसमोर दूरचित्रवाणी येते.

याच नोंदीत मंजुरीची पद्धत ठरते आणि तिथे शब्द नेमके हवेत. ‘स्वयंचलित मंजुरी’ ठेवली तर चॅनलवर नवी आवृत्ती येताच ऑपरेटर आपोआप वाढवला जातो. ‘हस्तमंजुरी’ ठेवली तर ‘इन्स्टॉलप्लॅन’ (बसवण्याचा आराखडा) तयार होऊन थांबतो आणि प्रशासकाने होकार दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. परीक्षेच्या आठवड्यात पहिली पद्धत ठेवू नये, हे मी शब्दचर्चेच्या बाहेर जाऊन सांगतो.

आणखी एक. ऑपरेटर ज्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या नाव दिलेल्या कप्प्यात) राहतो तिच्या नावात ‘ओडीएस’ ही अक्षरे दिसतील आणि पॅकेजचे नावही ‘आरएचओडीएस’ने सुरू होते. हे उत्पादन पूर्वी ‘ओपनशिफ्ट डेटा सायन्स’ या नावाने ओळखले जाई. २०२३ मध्ये त्याचे ‘ओपनशिफ्ट एआय’ झाले, पण आतली नावे राहिली. विद्यार्थ्यांना सांगताना मी लकडी पुलाचे उदाहरण देतो : लाकूड केव्हाच गेले, पाटीवर छत्रपती संभाजी पूल आहे, तरी रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगावा लागतो. टर्मिनलवर आज्ञा देतानाही जुनेच नाव सांगावे लागते.

मुद्रितशोधक (सदाशिव पेठ)

‘स्थापना’ राहिलीच. काही मराठी अनुवादांत मी ‘प्रतिष्ठापन’ही पाहिले आहे. दोन्ही शब्दांना समारंभाचा वास आहे, संस्था आणि मूर्ती यांच्यासाठी ते शोभतात. बोलताना मात्र आपण नळ बसवतो, पंखा बसवतो, गणपतीसुद्धा बसवतो. ‘ऑपरेटर बसवणे’ हेच सरळ मराठी आहे, आणि प्रश्नकर्तीने स्वतः पहिल्याच परिच्छेदात, शब्दाचा विचार न करता, तेच लिहिले आहे. शीर्षकात तिला ‘स्थापना’ आठवली. हा आपल्या सगळ्यांचाच रोग आहे.

क्लस्टरवाला (बाणेर)

बसवणे मान्य. पण मग काढण्यालाही नीट शब्द लागतो, कारण इथे क्रम चुकला तर माणूस दोन दिवस अडकतो. ऑपरेटर आधी काढून टाकला, तर त्याने उभे केलेले घटक आणि आपण लिहिलेली मागणी आपोआप जात नाहीत. पुढे मागणी पुसायला गेलात, तर तिच्यावर ‘फायनलायझर’ नावाची खूण असते : ऑपरेटरने आपली आवराआवर करून ही खूण उतरवल्याशिवाय वस्तू पुसू नये, असा तिचा अर्थ. खूण उतरवणाराच निघून गेल्यामुळे ती वस्तू ‘टर्मिनेटिंग’ या अवस्थेत लटकून राहते. म्हणून आधी डेटासायन्सक्लस्टर पुसायचे, मग त्याच्या जोडीची ‘डीएससीइनिशियलायझेशन’ ही (सुरुवातीची मांडणी ठरवणारी) वस्तू, आणि ऑपरेटर सगळ्यांत शेवटी. त्याही आधी विद्यार्थ्यांच्या नोटबुकांच्या साठ्याची प्रत बाहेर काढून ठेवावी.

भोसरीकर

म्हणजे उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती हलवायची नाही.

मुद्रितशोधक (सदाशिव पेठ)

उपमा पुण्यात तरी कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. पण पुस्तिकेत ‘विसर्जन’ लिहू नये, कारण विसर्जनानंतर काही मागे उरत नाही असा समज होतो आणि इथे तर उरते हीच अडचण आहे. ‘आवरणे’ आणि ‘काढणे’ असे दोन शब्द वेगळे ठेवावेत : घटक आवरायचे, ऑपरेटर काढायचा. ‘फायनलायझर’ला ‘आवरखूण’ म्हणून पाहावे, रुचले तर.

पुस्तिकाकार (कर्वेनगर)

‘आवरखूण’ कंसाबाहेर ठेवायला अजून धीर होत नाही, पण खुलाशात घालते. प्रकरणाचे शीर्षक आता ‘डेटा सायन्सचा ऑपरेटर : बसवणे, सांभाळणे, काढणे’ असे केले आहे. पहिल्या पानावर व्याख्या, तिच्याखाली ‘हवा’ आणि ‘नको’चा तक्ता, आणि तक्त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ : ‘ऑपरेटर हा प्रोग्राम आहे, हे पद नाही.’ मसुदा सोमवारी पुन्हा लेखा शाखेकडे जाईल.