व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला आईला घेऊन जाणं जमेल का?

पुणेकर_भटकी:
मंडळी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडमधली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड (तिथला उंचावरचा गुरुद्वारा) करायचा विचार आहे. आई 61 वर्षांची, रोज पर्वती चढते, बीपीची गोळी चालू आहे. माझे सह्याद्रीतले ट्रेक बरेच झालेत पण हिमालय पहिल्यांदाच. ट्रॅव्हलवाला म्हणतोय घांगरियाला (व्हॅलीखालचं मुक्कामाचं गाव) एकच रात्र पुरे, पहिल्या दिवशी वर, दुसऱ्या दिवशी व्हॅली बघून लगेच खाली. जमेल का? आणि ऑगस्टमध्ये फुलं असतात ना, की कासचं सप्टेंबरमध्ये असतं तसं काही?

डोंगरवेडा:
एक रात्र अजिबात नको. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप मिळते, तिथून घांगरिया साधारण 9-10 किमी सगळा चढ, आणि घांगरियाच 10 हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, तिथे पोचून नुसतं बूट सोडायला वाकलं तरी धाप लागते. किमान तीन रात्री ठेवा. आधी व्हॅली, मग हेमकुंड, उलटं नको, कारण हेमकुंड 14 हजार फुटांच्या वर आहे आणि सहा किमीत एवढी उंची गाठायची म्हणजे वाट नुसती अंगावर येते. हेमकुंडपर्यंत घोडं मिळतं, आईंना घोड्यावर बसवा, त्यात कमीपणा नाही. व्हॅलीत मात्र घोडं चालत नाही, फार तर कंडीवाला (पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारा). बीपीचं डॉक्टरांना विचारूनच निघा, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का तेही तेच सांगतील.

रानफूल:
फुलांसाठी मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट बेस्ट, तुमच्या तारखा बरोबर आहेत. फक्त फोटोत दिसतो तसा गालिचा डोक्यात ठेवून जाऊ नका, पुढे पुढे गुलाबी तेरडा (हो, आपल्या तेरड्याचाच हिमालयातला भाऊ) इतका माजतो की बाकीची फुलं त्यात शोधावी लागतात. ब्रह्मकमळ बघायचं असेल तर ते हेमकुंडच्या वाटेवर वरच्या टप्प्यात, निळी पॉपीसुद्धा तिकडेच बघा. व्हॅलीत पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की एक खडा चढ आहे, लोक तिथे कंटाळून परततात, खरी मजा त्याच्या पुढे आहे. जमलं तर जोन लेग या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक बाईंच्या कबरीपर्यंत जा, 1939 मध्ये झाडांचे नमुने गोळा करताना घसरून गेल्या बिचाऱ्या. सकाळी गेट उघडताच आत शिरा, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि मुक्काम करता येत नाही.

पुणेकर_भटकी:
बाप रे, ट्रॅव्हलवाल्याने यातलं काहीच सांगितलं नाही. मग परतीची फ्लाइट कधीची घेऊ?

डोंगरवेडा:
जोशीमठच्या रस्त्याला पावसात दरड कोसळणं रोजचंच, दोन दिवस तरी मोकळे ठेवून तिकीट काढा, नाहीतर हृषीकेशला पोचेपर्यंत तिकडे विमान उडालेलं असेल. पावसाचं म्हणाल तर छत्री नको, चांगला पोंचो घ्या आणि आत गरम थर, भिजलं की तिथे थंडी हाडात शिरते. हेमकुंडला लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा मिळतो, त्याचं ओझं नेऊ नका.

रानफूल:
आणि रोख पैसे जास्तीचे ठेव गं, वर नेटवर्क गेलं की यूपीआय नुसतं गोल गोल फिरत बसतं.