मदत हवी आहे: पर्यावरण खरंच जपणारा मालदीवचा रिसॉर्ट कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी, आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, त्यांना इंदूरहून मालदीवला न्यायचंय. सकाळी कचरागाडी आली की दुधाची पिशवी आणि केळ्याची साल एका डब्यात दिसलेली आईला खपत नाही. समुद्र घाण करणाऱ्या ठिकाणी ती सुखाने राहणार नाही. सोनेवा फुशी या तिथल्या रिसॉर्टने २००८ मध्ये बाहेरचं बाटलीबंद पाणी बंद केलं, तिथेच काचेच्या बाटल्या भरतात. पण ते बजेटबाहेर आहे. बाकी सगळेच स्वतःला 'इको' म्हणवतात. बुकिंगआधी नेमकं काय विचारू? वीज डिझेलवर की सौर? सांडपाणी कुठे जातं? समुद्राचं पाणी गोडं केल्यावर उरलेलं अतिखारं पाणी प्रवाळांजवळच सोडतात का? कुणी राहून आलं असेल तर प्लीज सांगा. बाबा शुद्ध शाकाहारी आहेत.