थिनर-गोंद हुंगणारी मुलं: त्या क्षणी काय करायचं, नंतर काय तपासायचं?

निंबोणी:
किशोरवयीन मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. ‘मेंदूवर वाईट परिणाम होतो’ एवढ्या मोघम वाक्यावर भागत नाही. मूल हुंगताना सापडलं किंवा कोसळलं तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं? दवाखान्यात कोणत्या तपासण्या मागायच्या? आणि सोडल्यावर काय भरून येतं?

रात्रपाळी:
पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण जीव तिथेच जातो, आणि तो पहिल्याच वेळीही जाऊ शकतो. टोल्युइन (थिनर-गोंदातलं द्रावण), ब्युटेन (लायटरमधला वायू), स्प्रेच्या डब्यातले वायू यांमुळे हृदयाचा स्नायू ॲड्रेनॅलिनला, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाला, अतिसंवेदनशील होतो. अशा वेळी मूल दचकलं, पळालं किंवा झटापट झाली की हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जात नाही. अमेरिकेतल्या अशा ११० आकस्मिक मृत्यूंची नोंद संशोधक मिलर्ड बास यांनी १९७० सालीच प्रसिद्ध केली होती.

म्हणून ओरडू नका, पाठलाग करू नका, हातातली वस्तू हिसकावू नका. हळू आवाजात बोलत मोकळ्या हवेत आणा, बसवा. पूर्ण शुद्धीवर आल्यावरही लगेच धावपळ नको आणि जाब विचारणं तर नकोच. ते दुसऱ्या दिवशी.

बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, तर कुशीवर वळवा. उलटी काढू नका, तोंडात पाणी ओतू नका. कपडे द्रावणाने भिजले असतील तर उतरवा; आसपास काडी, लायटर काही नको, वाफ पेट घेते. श्वास थांबला किंवा अधूनमधून नुसता आचका येतोय, तर रुग्णवाहिका बोलवा आणि छाती दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र मिळालं तर ताबडतोब लावा.

डबा किंवा बाटली सोबत पाठवा. काय हुंगलं ते कळलं की डॉक्टर ॲड्रेनॅलिनसारखी औषधं जपून वापरतात. शिवाय रंग खरवडायच्या द्रावणात डायक्लोरोमिथेन असेल तर शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हाही चांगलाच आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नये.

वॉर्ड_सात:
तपासण्यांबद्दल. लघवीच्या नेहमीच्या अमली पदार्थ चाचणीत ही द्रावणं (सॉल्व्हंट) दिसतच नाहीत. ती निगेटिव्ह आली म्हणून पालक निर्धास्त होतात, हे पत्रकात ठळक लिहा. टोल्युइनपासून शरीरात बनणाऱ्या हिप्युरिक आम्लाची चाचणीही एकटी पुरत नाही. बेंझोएट हे टिकाऊपणासाठीचं रसायन घातलेल्या खाद्यपदार्थांनी ते एरवीही वाढतं.

मागायचं ते हे: पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सीपीके (स्नायूंच्या इजेसाठी), यकृताच्या चाचण्या आणि ईसीजी. टोल्युइन सतत हुंगणाऱ्याच्या मूत्रपिंडातल्या नलिका आम्ल बाहेर टाकू शकत नाहीत आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. एरवी ३.५ ते ५ असणारा आकडा २ च्या खाली घसरू शकतो. मग ‘पायच उचलत नाहीत’ अशी तक्रार घेऊन मूल येतं आणि लकवा समजून तपासणी भलत्याच दिशेला जाते. रक्तातलं आम्ल पाहून आधी बायकार्बोनेट दिलं तर उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत शिरतं आणि श्वासाचे स्नायूही थकतात. पोटॅशियम आधी भरायचं.

निंबोणी:
हे फार उपयोगी आहे. कायमचा अशक्तपणा येतो तो याच कारणाने का?

चेतातंतू:
नाही, तो प्रकार वेगळा. पोटॅशियमचा अशक्तपणा उपचारांनी काही दिवसांत सुधारतो. काही गोंदांत एन-हेक्झेन असतं, ते थेट नसा खराब करतं: आधी पावलं बधिर, मग हात, मग चालताना पाऊल लोंबतं. हुंगणं थांबवल्यावरही हे काही आठवडे ते महिने वाढत राहतं. ‘सोडूनही बिघडतंय, मग सोडून काय उपयोग?’ असं मुलाला वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. नंतर सुधारणा होते, पण महिनोन्‌महिने लागतात आणि ती दर वेळी पूर्ण नसते.

नायट्रस ऑक्साइड (लाफिंग गॅस) शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. रक्तातली पातळी नॉर्मल दिसली तरी होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासा; बी-१२ काम करत नसेल तर ती वाढतात. तोल जात असेल, मुंग्या येत असतील तर रिपोर्टची वाट न पाहता बी-१२ ची इंजेक्शनं सुरू करतात.

मेंदूचं मात्र सगळं परत येत नाही. दीर्घकाळ टोल्युइन घेतल्यावर मेंदूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं. विचार मंदावतो, हात कापतो, नजर आणि ऐकणं कमी होतं. लवकर थांबलं तर बरंच सुधारतं, एमआरआयमध्ये झीज दिसू लागल्यावर फारसं नाही.

रात्रपाळी:
पत्रक मुलांच्या हाती पडणार असेल तर वस्तूंची यादी आणि हुंगण्याची पद्धत त्यात नको. ती समुपदेशकांच्या प्रतीत ठेवा. पालकांसाठी खुणा पुरेत: तोंडा-नाकाभोवती पुरळ, श्वासाला रसायनाचा वास, कपड्यांवर रंगाचे डाग, वारंवार घोळणा फुटणं, तासाभरात उतरणारी झिंग.