शेताच्या तारेत करंट, घरात चोर: मालमत्तेसाठी जीव घेणं कधी बरोबर ठरतं? (अनुभव धागा)

रानजाई (धागाकर्ती)
धान, तूर, मका उभा राहिला की विदर्भात दरवर्षी तीच बातमी येते: रानडुकरांसाठी तारेत करंट सोडला आणि माणूस गेला. २०१७ मध्ये नागभीडकडे 'जय' या नावाजलेल्या वाघाचा बछडा 'श्रीनिवास' असाच मेला, तेव्हा सगळीकडे हळहळ झाली. माणसाच्या वाट्याला तालुक्याच्या पानावर चार ओळी येतात. वस्तू वाचवायला जीव घ्यावा का, हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण आपल्यातल्या अनेकांच्या उंबऱ्यावर तो येऊन गेला आहे. ज्यांनी पाहिलं, सोसलं, त्यांनी लिहा. गावं-नावं टाळा.

कास्तकाराचा पोरगा
आमचा पट्टा धानाचा. लोंब भरली की डुकरं कळपाने उतरतात. खातात थोडं, लोळून-तुडवून नासवतात जास्त. जागलीला माणूस मिळत नाही, आणि थंडीत मचाणावर रात्री काढणं सोपं नाही. म्हणून काही जण खांबावर आकडा टाकून बांधाच्या तारेत लाईट सोडतात.

शेतीची लाईट आमच्याकडे कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्या आठवड्यात रात्रीची होती. मोठा भाऊ मोटर चालू करायला निघाला, नेहमीच्या पायवाटेने, शेजारच्या बांधावरून. तिथे आधी तार नव्हती. त्याच संध्याकाळी लागली होती, गुडघ्याच्या खाली, गवतात. पहाट झाली तरी आला नाही म्हणून बाबा बघायला गेले.

तार लावणारे काका आम्हाला घरच्यासारखे. बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढायला तेच पुढे होते. भावाला पाहून ते बांधावर मटकन बसले, ते पोलीस येईपर्यंत उठले नाहीत. त्यांना कुणाला मारायचं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण तार लावून ते घरी जाऊन झोपले होते. जागलीला माणूस असता तर त्याने बॅटरी मारून "कोण रे?" विचारलं असतं, आणि भाऊ म्हणाला असता, "मी आहे." तार कुणाला काही विचारत नाही. डुकरांनी किती पोती धान खाल्लं असतं याचा हिशेब आई अजून करते. मला तो ऐकवत नाही.

कोर्टाची पायरी
असंच एक प्रकरण बिहारमधून सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली, म्हणून त्या घरातली बाई आरोपीच्या संडासात जायची. त्याने वाटेत उघडी तार लावून करंट सोडला, बाई मेली. माझ्या जागेत घुसणाऱ्याला रोखायचा मला हक्क होता, असा बचाव झाला. १९६३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा कायम ठेवली.

भारतीय न्याय संहितेचं कलम ४१, म्हणजे जुन्या दंड संहितेचं १०३, मालमत्तेच्या बचावात जीव घेण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी देतं: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं वा स्फोटकं वापरणं, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशी चोरी, नासधूस वा घरातली घुसखोरी. त्यावरही कलम ३७ चा लगाम आहे. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. रात्रीच्या घरफोडीत हा हक्क चोर घरात आहे तोवरच टिकतो. कुंपणाबाहेर पळालेल्याला गाठून मारलं तर तो सूड झाला, हे मी प्रत्येक अशिलाला सांगतो.

माळावरची
आमचं घर शेतातल्या वस्तीवर. दरोडा पडला तेव्हा त्यांनी आल्या आल्या सासऱ्यांच्या डोक्यात गज घातला. कानातलं काढून देते म्हणत होते तरी ओढलं; पाळी फाटली. दिरांनी कुऱ्हाड फिरवली, एकाचा हात जायबंदी झाला, मग ते पळाले. तो मेला असता तरी मी दिरांना दोष दिला नसता. 'वस्तू वाचवायला जीव घ्यावा का' असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे: अंधारात पाच अनोळखी माणसं घरात उभी असताना सोनं वेगळं आणि जीव वेगळा करता येत नाही.

पालावरचा
मी पारधी. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, गावाच्या मनातून गेला नाही. माळावरच्या ताईंचं मला पूर्ण पटतं, त्यांनी माणसं समोर पाहिली होती. पण 'चोर आले' अशी नुसती आरोळी उठते तेव्हा काय होतं? २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच जमावाच्या हातून गेले. माझे वडील आजही अंधार पडल्यावर परक्या गावातून पायी जात नाहीत. एसटी चुकली तर स्टँडवरच झोपतात.

मीनल, ह्यूस्टन
टेक्सासच्या दंड संहितेतलं कलम ९.४२ रात्रीची चोरी रोखायला, काही अटींवर माल घेऊन पळणाऱ्यालाही, गोळी घालू देतं. २००७ मध्ये इथल्या पासाडीनात एकाने शेजारच्या घरातून सामान घेऊन निघालेल्या दोघांना बंदुकीने मारलं. फोनवरचा पोलिसांचा माणूस 'बाहेर पडू नका' म्हणून विनवत होता. २००८ मध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, खटला भरायचं नाकारलं. माझा मुलगा संध्याकाळी मित्राचं घर समजून भलत्याच दाराशी जाईल, ही धास्ती मला नेहमी असते.

शेतकरीण
आम्ही कुंपणाच्या तारेला झटका मशीन बसवलं. बॅटरी बारा व्होल्टची, वर सोलर पॅनल. झटका हजारो व्होल्टचा, पण निमिषभराचा आणि थांबून थांबून, त्यामुळे लागलेला सुटतो. घरच्या लाईटचे २३० व्होल्ट सलग असतात. स्नायू आवळतात आणि हात तारेला धरूनच राहतो. खालच्या तारेला गवत टेकलं की झटका उतरतो, तेवढं काढत राहावं लागतं. वनविभागाकडून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, विचारून बघा.

तूरवाला
सगळं पटतंय. पण अनुदानाच्या यादीत नाव लागेपर्यंत हंगाम जातो, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेली तूरही गेलेली असते. कर्ज माझ्या नावावर आहे. करंट लावणारा राक्षस नसतो, एवढं तरी मान्य करा.

कास्तकाराचा पोरगा
दादा, ते मला कुणी सांगायला नको. नुकसानभरपाईचा अर्ज अडला असेल तर कळवा, तहसीलला मी तुमच्यासोबत येतो. भाऊ गेल्यापासून आम्ही चार घरं मिळून जागल करतो, पाळी लावून. काकांचा मुलगाही असतो. तुमच्या बांधावर तार असेल तर आज रात्रीची लाईट यायच्या आत काढा.