हॅलो ४ मध्ये नेमकं काय बदललं? का मीच म्हातारा झालो?

मांजराकाठ (लातूर)

प्रश्न ‘हॅलो’ या बंदूकबाजीच्या व्हिडिओ गेमबद्दल आहे, सरळच आहे, पण आधी थोडं रामायण ऐकून घ्या.

मी मूळचा उदगीरकडचा. २००४ ला दहावी झाली आणि घरच्यांनी ‘लातूर पॅटर्न’मध्ये आणून टाकलं. पहाटे फिजिक्सची शिकवणी, मग कॉलेज, मग परत शिकवणी. मधला जो दीड तास मिळायचा त्यात आम्ही चौघे रूमपार्टनर गंजगोलाईच्या मागच्या एका कॅफेत सापडायचो. तासाला पंधरा रुपये. तिथल्या सहा कॉम्प्युटरवर ‘हॅलो’ची फुकटची ट्रायल टाकलेली होती. त्यात मिशन एकच, सायलेंट कार्टोग्राफर, आणि लॅनवर, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, खेळायला मॅपही (मैदान) एकच, ब्लड गल्च. दोन टोकांना दोन तळ, मधे उघडा माळ. दोन वर्षं आम्ही तो एकच मॅप खेळलो. रॉकेट लाँचर कुठं पडलेलं असतं हे आम्हाला आवर्त सारणीपेक्षा पक्कं पाठ होतं. लाईट गेली की यूपीएस ओरडायला लागायचा, आणि नेमका त्याच वेळी ज्याच्या खांद्यावर समोरच्या तळावरून पळवलेला झेंडा असायचा तो महावितरणचा उद्धार करायचा. बारावीला किती पडले ते विचारू नका.

आता पाइप-मोटारीचं दुकान आहे. मुलगी सातवीत. दिवाळीत जुना एक्सबॉक्स सिरीज एस (टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल) घेतला आणि हॅलोच्या जुन्या भागांचा संच, ‘मास्टर चीफ कलेक्शन’, उतरवला. आमच्या नेटला दोन रात्री लागल्या. एकाच टीव्हीवर अर्धी-अर्धी स्क्रीन करून आम्ही बापलेकीनं पहिला, दुसरा, तिसरा आणि रीच असे चार भाग संपवले.

मागच्या रविवारी चौथा लावला. पहिल्याच लेव्हलला पोरगी म्हणाली, “पप्पा, बंदुकीचा आवाज असा काहून यायलाय? हे दुसऱ्या कुणी बनवलंय का?”

तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. हॅलो बनवणारी मूळ कंपनी बंजी २००७ ला मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली, २०१० चा रीच हा त्यांचा शेवटचा हॅलो, आणि मग मायक्रोसॉफ्टच्याच ३४३ इंडस्ट्रीज या स्टुडिओच्या हाती कारभार गेला, हे मला माहीत आहे. तिला नाही. माझी कुरकुर वयाची म्हणून सोडून द्या. पण बारा वर्षांच्या पोरीला कसल्या आल्यात जुन्या आठवणी?

ज्यांनी दोन्हीकडचे भाग बारकाईनं खेळलेत त्यांनी सांगा, हाताला नेमकं काय वेगळं लागतं? ‘आत्मा हरवला’ वगैरे नको, ते यूट्यूबवर पोटभर ऐकून झालंय. आणि पुढचे दोन खेळावेत का?

---

देवगिरीचा_दरवाजा (छत्रपती संभाजीनगर)

पोरीचा कान तयार आहे. आवाज खरोखरच बदललेत, संगीतसुद्धा. जुने संगीतकार मार्टी ओडॉनेल बंजीबरोबर गेले, चौथ्याला नील डेव्हिजनं संगीत दिलं. ते वाईट नाही, पण त्यात ते गंभीर आवाजातलं मठातल्यासारखं गाणं शोधत बसाल तर हाती लागणार नाही.

पण खरी मेख मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे माणसांनी एकमेकांविरुद्ध खेळायच्या भागात आहे. बंजीचा हॅलो म्हणजे पंगत. सगळे एका ओळीत, पानावर सगळ्यांना तेच. चांगली बंदूक हवी असेल तर मॅपवर ती जिथं आहे तिथं जा आणि दुसऱ्याच्या आधी उचल. चौथ्यात ज्यानं त्यानं घरून डबा आणला. तुमची बंदूक, तुमचं बाँब, तुमची जादाची करामत हे सगळं आधीच निवडायचं, आणि त्यातलंही बरंचसं लेव्हल वाढल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे समोरचा जास्त दिवस खेळलेला असेल तर त्याच्या डब्यात दोन पदार्थ जास्त. वर मारामारी करत राहिलात की आभाळातून हत्यार पडणार, तेही तुमच्या एकट्यासाठी. त्या काळात कॉल ऑफ ड्यूटी या दुसऱ्या गेमनं सगळ्यांना वेड लावलं होतं, त्याची नक्कल दिसते.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, कारण इथं सगळे नव्या स्टुडिओलाच धोपटतात. दार किलकिलं केलं ते बंजीनंच. रीचमध्ये पळणं, जेटपॅक, चिलखताच्या करामती हे सगळं आलंच होतं. फरक इतकाच की तिथले लोडआउट (सुरुवातीचे हत्यारांचे डबे) सगळ्यांना सारखेच होते. ३४३ नं ते दार सताड उघडलं आणि पळणं तर सगळ्यांनाच देऊन टाकलं. सगळे पळायला लागले की मॅप मोठे करावे लागतात, आणि मार बसायला लागला की माणूस लढायचं सोडून पळ काढतो. तुमच्या हाताला जे लागतंय ते बहुतेक हेच.

---

मांजराकाठ

पंगतीचं लगेच पटलं. गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात ना, तसे आम्ही सगळे त्या रॉकेटपाशी भेटायचो. भेटायचो म्हणजे मरायचो. चौथ्यात कुणी कुठं भेटतच नाही, ज्यो त्यो आपल्या गल्लीत.

पण आम्ही तर सध्या कथेचंच खेळायलो. तिथं डबा-पंगत कुठं आली?

---

पूर्णाकाठची (परभणी)

मी थोडं उलटं बोलते, रागावू नका दादा.

मला मल्टिप्लेअरमधलं काही कळत नाही. भाऊ खेळायचा म्हणून मी शेजारी बसायची, मग तो नोकरीला गेला आणि कन्सोल माझ्याकडं राहिला. आधीच्या भागांत खेळाचा नायक मास्टर चीफ म्हणजे हिरव्या चिलखताचा डबा, आत माणूस आहे का नाही याचाही पत्ता लागत नाही. चौथ्यात पहिल्यांदा तो माणूस वाटतो. कारण कोर्टाना, त्याची एआय सोबतीण. त्या जगात एआयचं आयुष्य साधारण सात वर्षांचं धरलंय, आणि हिला आठ झालीत. ती मधेच तोल सोडते, ओरडते, आणि पुढच्या क्षणी माफी मागते.

मी हा भाग खेळत होते त्या वर्षी आमच्या सासूबाईंचं विसरणं सुरू झालं होतं. दुपारी मला ओळखायच्या, संध्याकाळी “तुम्ही कुणाच्या?” म्हणायच्या. एकदा ताट भिरकावलं आणि लगेच माझा हात धरून रडल्या. त्या रात्री ते कोर्टानाचं ओरडणं लागलं आणि मी पॅड खाली ठेवला. शत्रूनं तिथल्या तिथं चीफला मारलं, ते वेगळं. दोन महिने हातच लावला नाही. नंतर संपवला.

नवे शत्रू कंटाळवाणे आहेत, हे मान्य. तेच ते उडणारे यंत्र, तेच ते बटण दाबा आणि दार उघडा. जुने ग्रंट, ते बुटके शत्रू, कसे मरताना पण हसवायचे. पण नवीन लोकांनी कथा बिघडवली असं म्हणाल तर मी भांडेन. पोरीला पूर्ण खेळू द्या. शेवटाला मात्र तुम्ही शेजारी बसा.

---

बिंदुसरा_बॉय (बीड)

येवढं डोकं कशाला लावायलात, निस्ता खेळ हाये 😄 तरी मपली एक गोष्ट ऐका, ५ च्या कामाची हाये.

एप्रिल २०१६. तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, तेव्हाची गोष्ट. मावसभाऊ पुण्याहून एक्सबॉक्स वन घेऊन आला, बरोबर हॅलो ५. आम्ही चौघंजण, कूलर लावलेला, दोन पॅड, मावशीनं शेंगदाण्याची चटणी-भाकर आणून ठेवलेली. दुसरा पॅड चालू केला. काहीच नाही. वायर बघितली, सेल बदलले, अर्धा तास मेनू धुंडाळला. त्या भागात अर्धी स्क्रीनच नाही, कथेत नाही आणि मल्टिप्लेअरमध्ये पण नाही! चूक आमचीच, आधी कुणी वाचलं नव्हतं. मग एक जण खेळला, तिघं जण भाकर खात बघत बसलो. वर पंधरा मिशन, त्यात चीफ मिळतो तीनमध्ये. बाकी सगळा तो लॉक नावाचा दुसराच सैनिक.

त्यामुळं तुम्हा दोघांसाठी ५ बाद. तसाही तो कलेक्शनमध्ये नाही.

---

देवगिरीचा_दरवाजा

बीडवाल्यांनी जखमेवर बोट ठेवलं. २०१७ ला ३४३ च्या प्रमुख बॉनी रॉस म्हणाल्या होत्या की पुढच्या प्रत्येक हॅलो शूटरमध्ये स्प्लिट-स्क्रीन (तीच अर्धी-अर्धी स्क्रीन) असेल. २०२१ ला ५ च्या पुढचा भाग, ‘इन्फिनिट’, आला, त्याच्या कथेत ती नव्हती, आणि २०२२ ला ती रद्दच केली.

तरी मांजराकाठ, इन्फिनिट टाळू नका. त्याच्या मल्टिप्लेअरमध्ये पंगत परत आलीय. सगळ्यांच्या हाती सुरुवातीला तेच, बाकीचं मॅपवरून उचलायचं. पळणं आहे, पण नावापुरतं. आकडा लावलेली दोरी फेकून लटकता येतं, पोरीला ते सोडवणार नाही. मल्टिप्लेअर फुकट आहे आणि कन्सोलवर एका टीव्हीला दोघं खेळू शकता.

२०२४ मध्ये त्यांनी स्टुडिओचं नाव बदलून हॅलो स्टुडिओज केलं आणि स्वतःचं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, सोडून अनरिअल ५ घेतलं. पहिला भाग नव्यानं बनवायचं २०२५ मध्ये जाहीर केलं, प्लेस्टेशनवर पण आणणार म्हणाले. त्यात कन्सोलवर दोघांसाठी स्प्लिट-स्क्रीन असेल असं सांगितलंय. आणि पळणं बंद करता येईल म्हणे. वीस वर्षं फिरून लोक परत बांधावर आले.

---

मांजराकाठ

उशिरा लिहायलो, पेरणीच्या तोंडावर दुकानात गर्दी होती.

परवा रात्री चौथा संपवला. परभणीच्या ताईंचं ऐकून शेजारीच बसलो. शेवटाला पोरगी काही बोलली नाही. पॅड सोफ्यावर ठेवला आणि पाणी प्यायला गेली, ती बऱ्याच वेळानं आली. ताई, तुमचं बरोबर होतं. माझं ‘नवीन लोकांना जमलं नाही’ हे मी अर्धं मागं घेतो. अर्धंच. ती उडणारी यंत्रं मला अजून डोळ्यासमोर नकोत.

काल ती म्हणाली, तुम्ही कॉलेज बुडवून खेळायचात तो मॅप दाखवा. (हे तिला तिच्या आईनं सांगितलं.) पहिल्या भागातलं ब्लड गल्च लावलं. तोच माळ, तेच दोन तळ. मी म्हणालो, थांब, रॉकेट कुठं असतं ते तुला सांगतो. सांगेपर्यंत ती तिथं पोहोचली होती.

पंधरा-सात. पंधरा तिचे.